सोलापुरात संथ चित्रपट पाहायचा असेल तर

"काय झालंच नाही की बे यात!" हे वाक्य टॉकीजच्या जिन्यावर मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा ते माझ्याच तोंडून बाहेर पडलेले होते. चित्रपट एका मध्यमवयीन माणसाच्या आठ-दहा दिवसांबद्दलचा होता, त्यात ना पाठलाग होता ना गाणी, आणि मला त्यातले जवळजवळ काहीच दिसले नव्हते. दोष चित्रपटात शोधण्यात माझे काही महिने गेले. नंतर हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की मी दहा मिनिटे उशिरा पोहोचलो होतो, अगदी कडेच्या खुर्चीत बसलो होतो, पोटात भूक होती आणि मध्ये दोनदा फोन उघडून पाहिला होता. चेहऱ्यावरच्या बारीक हालचालीतून सांगितलेली गोष्ट अशा अवस्थेत कोणालाच दिसणार नाही. त्यानंतर असे बरेच चित्रपट याच शहरात पडद्यावर पाहिले आणि चुकाही भरपूर केल्या. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

१. चित्रपटाबद्दल थोडेच जाणून घ्या

संथ चित्रपटाला जाण्यापूर्वी तीन गोष्टी माहीत असाव्यात: तो कोणत्या भाषेत आहे, किती मिनिटांचा आहे आणि साधारण कोणाबद्दल आहे. कथानक वाचून जाऊ नये, कारण अशा चित्रपटात कथानक दोन ओळींत संपते आणि ते आधी कळले की प्रेक्षक पुढच्या घटनेची वाट पाहत बसतो. झलक पाहायचीच असेल तर एकदाच पाहावी आणि तिच्यावर फारसा विश्वास ठेवू नये. झलक तयार करणाऱ्याला दीड मिनिटात गर्दी खेचायची असते, म्हणून तो चित्रपटातले मोजके चढ्या आवाजाचे प्रसंग एकत्र करतो, आणि मग प्रेक्षक ते भांडण कधी येणार याची वाट पाहत दोन तास घालवतो.

पुरस्कारांच्या यादीबाबतही सावध राहावे. "अवॉर्डवाला पिक्चर आहे" असे ऐकून गेलेला माणूस प्रत्येक दृश्यात काहीतरी थोर शोधत बसतो आणि समोर भांडी घासणारी बाई त्याला दिसतच नाही.

२. शो कुठे आणि केव्हा लागतो ते ओळखा

नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

चित्रपट शुक्रवारी लागतात आणि शुक्रवार ते रविवार किती माणसे आली यावर पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक ठरते. मोठ्या नटाच्या चित्रपटाला दिवसाला आठ-दहा खेळ मिळत असतील, तर संथ मराठी चित्रपटाला बहुधा एक मिळतो, तोही सकाळी दहा-अकराचा किंवा दुपारी तीनचा, म्हणजे नोकरदार माणूस कामावर असताना. "पुढच्या आठवड्यात निवांत बघू" असे म्हणणाऱ्यांनी मनाशी पक्के करावे की पुढच्या आठवड्यात तो चित्रपट उतरलेला असेल. पहिल्या तीन दिवसांतच जावे, आणि ते अशक्य असेल तर निदान गुरुवारी संध्याकाळी नव्या आठवड्याच्या वेळा लागल्या का ते पाहून ठेवावे.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे मराठी आणि हिंदीबरोबर तेलुगू आणि कन्नड चित्रपटांनाही हक्काचा प्रेक्षक आहे, आणि पूर्व भागातला तेलुगूभाषक प्रेक्षक आवडत्या नायकाच्या चित्रपटाला पहिल्याच दिवशी गर्दी करतो. पडदे मोजकेच असल्यामुळे अशा शुक्रवारी छोट्या चित्रपटाचा तो एकुलता एक खेळही धोक्यात येतो. मोठे तेलुगू चित्रपट संक्रांतीच्या सुमारास येतात आणि त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असतात आणि गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, माणसांचा पूर असतो. संक्रांतीच्या आठवड्यात संथ चित्रपटाचा नाद सोडून सरळ गड्ड्यावर जावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उलट एप्रिल-मे हा अशा चित्रपटांसाठी चांगला काळ आहे. पारा चाळीशीच्या वर गेलेला असतो आणि दुपारी तीनच्या खेळाला बाहेर कोणी फिरकत नाही. सभागृहात जी माणसे असतात त्यांतली निम्मी केवळ वातानुकूलनासाठी आलेली असतात हे खरे, पण ती लवकर झोपतात, आणि झोपलेला प्रेक्षक बोलणाऱ्या प्रेक्षकापेक्षा केव्हाही बरा.

एक सापळा विशेष लक्षात ठेवावा. तिकिटे फारच कमी गेली तर खेळ रद्द होऊ शकतो. एकदा मी हातात तिकीट घेऊन वेळेवर पोहोचलो आणि आम्ही दोघेच आहोत, त्यामुळे खेळ होणार नाही, असे मला दारावर सांगण्यात आले. पैसे परत मिळाले, पण आरक्षणासाठी घेतलेली जादा रक्कम मिळवायला पाच दिवस आणि तीन तक्रारी लागल्या. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी तिकीटखिडकीवर फोन करून "आजचा खेळ होणार का?" एवढे विचारतो आणि जमेल तेव्हा खिडकीवरच तिकीट काढतो. त्यामुळे सुविधाशुल्कही वाचते, आणि अशा चित्रपटाला खिडकीवर रांग नसतेच. शिवाय चार-पाच मित्रांना बरोबर नेले तर तुमच्यासाठीच नव्हे, तर एकट्याने आलेल्या अनोळखी माणसासाठीही खेळ वाचतो.

३. बरोबर काय असावे

यादी लहान आहे, पण तिच्यातली एकही गोष्ट मी अनुभवाशिवाय घातलेली नाही.

- वयाचा पुरावा. चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नसतो, आणि कोवळ्या चेहऱ्याच्या महाविद्यालयीन मुलांना दारावर थांबवले जाते. संथ चित्रपट म्हणजे सात्त्विक चित्रपट, असे गृहीत धरून घरातल्या मुलांना घेऊन जाऊ नये. २०२४ पासून 'यूए' या वर्गात सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे आले आहेत, ते तिकीट काढताना पाहावेत.
- तिकिटाचे छायाचित्र फोनमध्ये जतन केलेले असावे, कारण सभागृहाच्या दाराशी नेमके नेटवर्क जाते.
- दूरचा चष्मा. जवळचा नेऊन दूरचा घरी विसरण्याचा पराक्रम मी केलेला आहे.
- पातळ चादर किंवा शाल. रिकाम्या सभागृहात थंडी जास्त वाजते, आणि सोलापुरात राहून चादर मिळाली नाही ही सबब कोणी ऐकून घेणार नाही.
- खोकल्याची गोळी, वेष्टनातून आधीच काढून रुमालात ठेवलेली. शांत दृश्यात चांदीचा कागद उलगडण्याचा आवाज पाच रांगा पुढे जातो.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येतील की नाही हे चित्रपटगृहचालक ठरवू शकतो, मात्र पिण्याचे पाणी विनामूल्य उपलब्ध ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे आणि तान्ह्या बाळाचे खाणे पालकांना नेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पाण्याची बाटली विकतच घ्यावी लागेल असे कोणी सांगितले, तर नळ कुठे आहे हे शांतपणे विचारावे.

४. खुर्ची निवडताना

बरेच लोक सवयीने शेवटची रांग घेतात. दणदणीत चित्रपटाला ते ठीक आहे, पण ज्या चित्रपटात पापणी खाली जाणे ही घटना असते तिथे शेवटच्या रांगेतून पापणी दिसत नाही. पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचे तीन भाग केले, तर दुसरा भाग जिथे संपतो त्या रांगेत आणि त्यातही मध्यभागी बसावे. मधोमध बसण्याचे कारण केवळ चित्र नाही. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, आणि कडेला बसलेल्या माणसाच्या कानाशी भिंतीवरचा स्पीकर असल्यामुळे त्याला पाऊस आणि रहदारी जास्त ऐकू येते, कुजबुज कमी.

आरक्षणाच्या नकाशात आधीच कोणी मधल्या खुर्च्या घेतल्या असतील तर त्यांच्या शेजारी न बसता एक रांग पुढे जावे. सभागृह रिकामे असताना अनोळखी माणसाच्या खेटून बसणे दोघांनाही अवघड जाते.

५. पोट, वाहन आणि घड्याळ

जाहिराती आणि पुढच्या चित्रपटांच्या झलका साधारण पंधरा-वीस मिनिटे चालतात, म्हणून तेवढे उशिरा गेले तरी चालते, असा अनेकांचा हिशेब असतो. छोट्या चित्रपटाला जाहिराती कमी मिळतात आणि तो कधी कधी चार मिनिटांतच सुरू होतो. माझा पहिला चित्रपट असाच हुकला. त्याच्या पहिल्याच दृश्यात तो माणूस दोन कप चहा करतो आणि एक ओतून टाकतो, हे मला नंतर मित्राकडून कळले, आणि तो दुसरा कप ज्याने पाहिला नाही त्याला पुढचे दोन तास कळणे अशक्य होते. पाटीवर लिहिलेल्या वेळेला खुर्चीत असावे.

जेवण हलके असावे. दुपारच्या खेळापूर्वी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर मटण असे जेवून जाणाऱ्याला मी काहीही सल्ला देणार नाही, कारण तो वाचायला जागाच राहणार नाही.

रात्रीचा खेळ असेल आणि तुम्ही मोहोळ, अक्कलकोट किंवा बार्शीकडून येत असाल, तर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी पाहून ठेवावे. शेवटच्या वीस मिनिटांत घड्याळ पाहणारा माणूस त्या वेळेत चित्रपट पाहत नसतो.

६. पहिली वीस मिनिटे

आता मुख्य भाग. रोजचा चित्रपट पहिल्या दहा मिनिटांत नायक, खलनायक आणि पेच मांडून मोकळा होतो. संथ चित्रपट तेवढ्या वेळात तुम्हाला फक्त एका घरात नेऊन बसवतो. नवख्या प्रेक्षकाचा संयम नेमका इथे सुटतो आणि हात फोनकडे जातो. तो फोन केवळ इतरांना त्रासदायक ठरतो असे नाही. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि फोनच्या एका झगझगाटाने ही मेहनत वाया जाते. दिवेलागणीच्या दृश्यात किंवा मिणमिणत्या खोलीत बसलेल्या माणसाचा चेहरा त्यानंतर काही काळ नुसता काळा डाग दिसतो, आणि आपण म्हणतो की छायाचित्रण अंधारे आहे.

मग या वीस मिनिटांत पाहायचे काय? हे मला कोणत्याही लेखातून कळले नाही, मामांकडून कळले. मामांनी पस्तीस वर्षे यंत्रमागावर काम केले. त्या खडखडाटात कानाला काही लागत नसल्याने कामगार एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलत, आणि आता उतारवयात त्यांना ऐकू कमीच येते. एका शांत मराठी चित्रपटाला मी त्यांना बरोबर नेले ते केवळ घरी एकटे नकोत म्हणून. बाहेर आल्यावर मी संवादांवर बोलत होतो, आणि मामा म्हणाले, "ती बाई पहिल्यापासून दाराकडं पाठ करून बसत नव्हती बघ. शेवटी बसली." मी संबंध चित्रपटात ते पाहिले नव्हते, आणि चित्रपट त्याच एका गोष्टीबद्दल होता.

तेव्हापासून मी सुरुवातीला तीन गोष्टींकडे लक्ष देतो. माणूस कुठे बसतो आणि कोणाच्या समोर बसायचे टाळतो. त्याचे हात रिकामे असताना काय करतात. आणि कोणती कृती पुन्हा पुन्हा येते, जसे कुलूप लावणे, पाणी भरणे, औषधाची पट्टी मोजणे. पुनरावृत्ती दिसली की कंटाळू नये, कारण ती बहुधा पुढे मोडली जाण्यासाठीच मांडलेली असते, आणि ज्याने ती मोजली त्यालाच ती मोडल्याचे कळते.

दृश्य लांबले तर नजर पडद्याच्या मधून कडेला न्यावी. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातले, म्हणून त्यांच्या 'फँड्री'चे उदाहरण देतो. डुकराच्या मागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. पात्रे एक शब्द बोलत नाहीत. कोण उभे आहे, कोण निघून चालले आहे आणि आवाज कुठून येतो आहे, एवढे एकत्र पाहिले की जे कळायचे ते कळते. तिथे संवादाची वाट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मराठी चित्रपटाला इंग्रजी उपशीर्षके असतील तर आणखी एक सापळा असतो: भाषा येत असूनही डोळे सवयीने खालच्या ओळीकडे जातात आणि चेहरा निसटतो. पहिल्या पाच मिनिटांत जाणीवपूर्वक नजर वर ठेवली की ही सवय सुटते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मित्राला बरोबर न्यायचे असेल, तर याच उपशीर्षकांचा त्याला उपयोग होतो, हेही ध्यानात ठेवावे.

७. आवाज कमी असेल तर सांगा

चित्रपटगृहाच्या ध्वनियंत्रणेवर आवाजाचा एक ठरलेला आकडा असतो आणि बहुतेक यंत्रणांत तो सात असतो. निर्मात्याने ध्वनिमिश्रण करताना तोच धरलेला असतो. मारधाडीच्या चित्रपटांना "आवाज फार आहे" अशी तक्रार आली की तो खाली ओढला जातो आणि पुढच्या खेळाला तसाच राहतो. मग कुजबुजीवर चालणारा चित्रपट सुरू झाला की वातानुकूलनाची घरघर संवादावर मात करते. अशा वेळी कुढत बसू नये, आणि मध्यंतराची वाटही पाहू नये. पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन डोअरकीपरला "आवाज थोडा वाढवायला सांगा" एवढे म्हणावे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा तो वाढवला जातो. पडदा धूसर किंवा चित्र कडेला कापलेले दिसले तरी हेच करावे.

८. मध्यंतर

पुष्कळ संथ चित्रपट मध्यंतर मनात धरून बनवलेले नसतात. आपल्याकडे ते कुठेतरी मधोमध टाकले जाते, कधी कधी एखाद्या दृश्याच्या ऐन श्वासावर. दिवे लागल्यावर "आता पुढे काय होणार" ही चर्चा सुरू करू नये आणि बरोबरच्या माणसाला मत विचारू नये. एकदा "बोअर आहे ना?" असे कोणी म्हटले की उरलेला चित्रपट त्या प्रश्नाखाली जातो. पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत आणि दिवे मालवण्यापूर्वी परत यावे.

९. संपला असे वाटले तरी बसून राहा

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे विझतात आणि पडदा काळा होतो. पाहणाऱ्याला वाटते, संपले. लोक उठतात, चपला शोधतात, फोन लावतात. त्या काळोखानंतर आणखी एक प्रकरण आहे आणि न्यायाधीश कोण आहे हे तिथे कळते. श्रेयनामावली सुरू होऊन सफाई कर्मचारी आत येईपर्यंत उठू नये, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

बाहेर पडल्यावर लगेच निकाल देऊ नये. आम्ही बहुधा पार्क चौकापर्यंत चालत येतो, चहा घेतो आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारतो: कोणती गोष्ट दोनदा दिसली? मित्रांपैकी कोणी कुलूप सांगतो, कोणी चप्पल. ज्याला काहीच आठवत नाही त्याला चिडवायचे नाही, असे ठरलेले आहे, कारण तो बहुधा पहिल्यांदाच आलेला असतो आणि त्याने पाहिलेली एखादी वेगळीच गोष्ट चहा संपता संपता बाहेर येते.

चित्रपट खरोखरच कंटाळवाणा निघाला, तर तसे स्पष्ट म्हणावे. संथपणाच्या आड लपलेले वाईट चित्रपटही असतात आणि त्यांच्यातल्या लांब दृश्यात खरोखर काहीच नसते. दोन्हींतला फरक कळायला मला चार-पाच चित्रपट लागले. मामांना पहिल्याच खेळात कळला होता. आता दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचाच फोन येतो, आणि त्यांना नीट ऐकू येत नसल्यामुळे मला उद्याच्या खेळाची वेळ तीनदा मोठ्याने सांगावी लागते.